दप्तर बांधण्याची वेळ



आजच्या व्याख्यानाची वेळ साडेसहाची आहे. आपल्याकडे वसंत व्याख्यानमाला पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली आणि पुढे गावोगाव तिचे अनुकरण झाले. व्याख्यानाला संध्याकाळच का, हे कोणाला सांगावे लागले नाही. उन्हे उतरलेली असतात, कचेऱ्या सुटलेल्या असतात, दुकानदार गल्ल्यावर मुलाला बसवून तासभर येऊ शकतो. दिवसाचे काम संपले आहे आणि रात्रीचे जेवण व्हावयाचे आहे, असा जो मोकळा वेळ, त्यावर ही संस्था उभी राहिली.

आता येथून समोर पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पुढच्या रांगांत पिकल्या केसांची मंडळी आहेत. मागे भिंतीपाशी कॉलेजातील काही मुले उभी आहेत. पण तिशी-पस्तिशीची, चाळिशीची जी मधली पिढी, ती जवळजवळ दिसत नाही. ती गावात नाही म्हणावे, तर तसेही नाही. याच रस्त्यावरच्या घरांतून, आतल्या खोलीचे दार लोटून, कानांना यंत्र लावून ती बसलेली आहे. कारण आपल्या घड्याळात साडेसहा वाजतात, तेव्हा या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात. तेथील कचेरी उघडली आहे, आणि ती आपल्या आतल्या खोलीतही उघडली आहे. लंडनची कचेरी पाच वाजता बंद व्हावयाची म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. कॅलिफोर्नियातील तर आपल्या साडेनऊला उघडते. म्हणजे जी पिढी येथे यावयास हवी होती, तिच्या दिवसातून संध्याकाळच नाहीशी झाली आहे. या नाहीशा झालेल्या संध्याकाळीविषयी आज बोलावयाचे आहे.

घरी बसून नोकरी करण्याची पद्धत पूर्वी अगदीच नव्हती असे नाही. परंतु ती घराघरांत शिरली ती २०२० साली. त्या वर्षी २५ मार्चपासून सारा देश बंद झाला, आणि ज्यांचे काम संगणकावर होण्यासारखे होते, त्यांना ऑफिसाने ‘घरून करा’ असे सांगितले. आपत्काळची सोय म्हणून आलेली ही गोष्ट आपत्काळ सरल्यावरही गेली नाही. काहींची ऑफिसे पूर्ववत उघडली, काहींची आठवड्यातून दोन-तीन दिवस उघडतात, काहींची उघडलीच नाहीत. शिवाय जे रोज ऑफिसात जातात, त्यांच्याही खिशातून रात्री ऑफिस घरी येऊ लागले. तेव्हा प्रश्न घरून काम करणाऱ्यांपुरताच राहिलेला नाही.

आमच्या शेजारी एक आजी आहेत. त्यांचा मुलगा गेली काही वर्षे घरूनच नोकरी करतो. मी सहज म्हणालो, “आजी, बरे झाले, मुलगा आता दिवसभर घरात असतो.” त्या म्हणाल्या, “कसला घरात! पूर्वी सकाळी जायचा नि संध्याकाळी यायचा. आता जातही नाही आणि येतही नाही.” या विषयावर मी बरेच वाचले आहे, पण आजींच्या या वाक्यात जेवढे आहे, तेवढे एका ठिकाणी मला मिळाले नाही. घरी येण्यासाठी आधी घराबाहेर जावे लागते. जो गेलाच नाही, त्याची वाट कोण पाहणार, आणि त्याच्या हाती पाण्याचा तांब्या कोण देणार?

आता यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. घर आणि कामाची जागा वेगळी असणे ही मुळात अलीकडची गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. कुंभाराचे चाक अंगणातच फिरे. येवल्याला आजही पैठणीचा माग घरातच असतो. एकीकडे चूल आणि दुसरीकडे माग, अशी तेथील घरे आहेत. वैद्यांची रोगी तपासण्याची जागा म्हणजे ओसरी. वकिलांची पक्षकारांशी बोलण्याची जागा म्हणजे बाहेरची खोली. व्यापाऱ्याचे दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. गावच्या कुलकर्ण्याचे सारे काम घरच्या सोप्यातच चाले. आपले आजे-पणजे जर घरातच काम करीत होते आणि सुखी होते, तर आजच्या पिढीनेच तक्रार का करावी?

हा आक्षेप मला पुष्कळ दिवस निरुत्तर करीत असे. पण त्या जुन्या घरांकडे थोडे बारकाईने पाहिले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. काम घरात होते हे खरे. परंतु त्या कामाला घरातल्या घरात वेस घातलेली होती.

वाड्याची रचनाच पाहा. बाहेरून येणारा माणूस सदरेपर्यंत येई; माजघरात त्याला मज्जाव असे. परक्याची पायरी कोठे संपते आणि घरच्यांची कोठे सुरू होते, हे भिंतींनीच ठरवून टाकले होते. ‘दप्तर’ हा शब्द पाहा. आज तो शाळेच्या मुलांपुरता उरला आहे; परंतु दप्तर म्हणजे कामाचे कागद, रुमालात बांधून ठेवलेले. पेशव्यांच्या दप्तरातील कागदांच्या गठ्ठ्यांना आजही ‘रुमाल’ असेच म्हणतात. कारकून काम संपले म्हणजे कागद गोळा करी, रुमालाची चार टोके जुळवी आणि गाठ मारी. गाठ मारली की त्या दिवसापुरते काम संपले. तो त्याच सोप्यात मग जेवला काय किंवा नातवाला मांडीवर घेऊन बसला काय, कागद त्याच्याकडे पाहत नसत.

दुकानदाराचेही तेच. आपल्याकडे दुकान ‘बंद केले’ म्हणणे अशुभ मानीत. दुकान ‘वाढवले’ असे म्हणावयाचे. मंगळसूत्र तुटले तर ते वाढवले म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. कामाच्या शेवटाला स्वतंत्र, जपून उच्चारलेला शब्द असावा, यावरून त्या शेवटाची किंमत कळते. फळ्या लागल्या, दिवा लावून हात जोडले, आणि माणूस जिना चढून वर गेला. तेवढ्या दहा-बारा पायऱ्यांत दुकानदाराचा बाप होत असे.

शिवाय हत्यारांनाही विश्रांती असे. अनेक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. गवंडी-सुतार अमावास्या पाळीत आले. खंडेनवमीला तर हत्यार चालवावयाचेच नाही. ते धुऊनपुसून त्याची पूजा करावयाची. यात धर्मभावना होती हे उघडच आहे, पण एक व्यवहारही होता. हत्यार थांबले म्हणजे माणूस थांबतो. आणि या सर्वांवर सूर्याचा अंमल होता. अंधार पडला की मागावरचा धागा दिसत नसे, तेव्हा विणकर उठे. त्याला उठा म्हणून सांगावे लागत नसे.

याचा अर्थ ते दिवस सोन्याचे होते असा मी करीत नाही. त्या घरातील स्त्रीला ना अमावास्येची सुट्टी होती, ना अंधाराची. त्या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे. येथे एवढेच सांगावयाचे, की घरात काम असणे आणि घरभर काम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढे गिरण्या आल्या आणि काम घराबाहेर गेले. गिरणीचा भोंगा झाला की गिरणगाव उठे. पहिल्या काळात या कामाला अंत नव्हता. उजेड असेतो काम, असाच प्रकार होता. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला, त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांसाठी त्यात काही नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा स्थापन केली आणि आठवड्यात एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. १८९० च्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे ६० तास ठरले, १९३४ च्या कायद्याने कायम चालणाऱ्या कारखान्यांत ५४, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८, तेच स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने कायम ठेवले. तो १९४८ चा कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. हे आकडे मी मुद्दाम सांगितले. साठाचे चोपन्न आणि चोपन्नाचे अठ्ठेचाळीस होण्यास चोवीस वर्षे लागली. प्रत्येक तासामागे सभा आहेत, संप आहेत, उपाशी राहिलेली घरे आहेत.

आणि भोंग्याची एक गोष्ट विसरू नये. भोंगा माणसाला बोलावीत असे, तसा सोडीतही असे. आपल्या खिशातील मोबाईल हाही एक भोंगाच आहे. तो बोलावतो मात्र दिवसातून शंभर वेळा. पण ‘आता जा’ असे तो एकदाही सांगत नाही.

आता मी ज्या तुलनेकडे येतो, ती कदाचित काहींना रुचणार नाही. घरून काम करणारा आपला सुशिक्षित तरुण स्वतःला वकील-डॉक्टरांच्या किंवा जुन्या कारागिरांच्या पंगतीत बसवतो. माझ्या मते त्याचे खरे नाते सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईशी आहे.

कुंभार घरी काम करीत असे ते स्वतःचे. चाक केव्हा थांबवावे हे त्याच्या हाती होते. विडी वळणारी बाई घरी काम करते ते दुसऱ्याचे. ती कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन येते. पाने भिजवावयाची, कात्रीने मापात कापावयाची, वळावयाची, बांधावयाची, आणि मोजून परत द्यावयाची. मजुरी हजारावर. नापास झालेल्या विडीचे नुकसान तिचे. जागा तिची, दिवा तिचा, पाठ तिची. शाळेतून आलेली मुलगी दप्तर टाकते आणि आईच्या शेजारी बसते, कारण हजार भरावयाचे असतात. घराचा कारखाना होतो. मात्र कारखान्यातला तासांचा नियम त्याबरोबर घरात येत नाही. १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यात घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानले गेले. ती मोठीच गोष्ट झाली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने सर्व प्रकारच्या गृहकामगारांसाठी करार केला तो १९९६ साली. पण ‘ही बाई घरात बसली आहे म्हणून ती कामगार नाही असे होत नाही’, एवढी साधी गोष्ट पटवून देण्यास किती काळ गेला!

आता आपला तरुण पाहा. पगार पुष्कळ अधिक, खुर्ची बरी, हे मान्य. पण जागा त्याची, वीज त्याची, पाठ त्याची, आणि काम दुसऱ्याचे. तास मोजणारे कोणी नाही. उलट एका बाबतीत विडीवालीची स्थिती त्याच्याहून बरी म्हणावी लागेल. तिचे हजार मोजता येतात. ते भरले की सूप बाजूला ठेवता येते. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा उद्योग सुरू केला, तो आज ‘लिज्जत’ म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेथील पद्धत अशी, की भगिनींनी केंद्रातून भिजवलेले पीठ घरी न्यावयाचे आणि पापड लाटून, वाळवून परत आणून द्यावयाचे. पीठ वजनावर मिळते. गोळा संपला की दिवसाचे काम संपले. पोळपाट धुऊन उभा केला की घर पुन्हा घर होते. आपल्या तरुणाच्या डब्यातील पीठ मात्र कधी संपतच नाही. तो लाटीत असतो आणि दुसरा कोणी दुसऱ्या खंडातून त्यात पीठ घालीत असतो.

यातून होते काय? मनुष्य चोवीस तास काम करीत नाही हे खरे. तितके कोणालाच शक्य नाही. पण तो चोवीस तास कामाच्या आसपास असतो. जेवताना हात ताटात आणि डोळे मोबाईलवर. मूल काही सांगत असते, तो ‘हं, हं’ म्हणतो आणि मुलाला कळते की बाबाने ऐकले नाही. मुलांना हे फार लवकर कळते. एका घरी मी चार वर्षांच्या मुलीला खेळताना पाहिले. पूर्वी मुली भातुकली मांडीत. ही पाटी उघडून समोर बसली होती आणि जवळ येणाऱ्या आजीला ओठांवर बोट ठेवून ‘श्श, मीटिंग आहे’ म्हणत होती. आम्ही सारे हसलो. घरी परतताना मात्र मला हसू येईना. त्या मुलीने घरात जे सर्वांत महत्त्वाचे म्हणून पाहिले होते, त्याचा तिने खेळ केला होता.

आणि दुसरी बाजू अशी, की कामही धड होत नाही. आईला दवाखान्यात न्यावयाचे आहे, गॅसवाला आला आहे, मुलाचा अभ्यास राहिला आहे, हे सारे कामाच्या मध्ये येते. मग दुपारी घर पाहिले म्हणून रात्री काम, आणि रात्री काम केले म्हणून सकाळी चिडचिड. दोन्हीकडे आपण थोडे अपराधी आहोत ही भावना मनाला लागून राहते.

स्त्रियांच्या बाबतीत हे दुपटीने खरे आहे. २०१९ साली सरकारने आपल्या देशातील माणसे दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे पाच तास, त्यात जातात असे आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे. आणि असे पुरुष शंभरात सव्वीस. उरलेल्या चौऱ्याहत्तरांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता. आता या पाच तासांवर आठ-नऊ तासांची नोकरी ठेवा, आणि ती त्याच घरात ठेवा. पुरुष दार लावून बसला की घरात सगळे हळू बोलतात. बाई दार लावून बसली की दारावर थाप पडते: “घरीच आहेस ना, जरा दूध बघ.” कित्येकींचा लॅपटॉप ओट्याच्या कडेला असतो आणि कुकरची शिट्टी पलीकडच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून एक बोट आवाज बंद करण्याच्या बटणावर असते.

मघाशी मी लोखंड्यांच्या रविवाराविषयी बोललो. तो रविवार गिरणीतून चाळीपर्यंत आला. पण चाळीतल्या चुलीपर्यंत तो पोहोचला नाही. नवऱ्याला सुट्टी म्हणजे बायकोला दोन पदार्थ अधिक. घरात राहून ज्याला अंत नाही असे काम करणे म्हणजे काय, हे आज आपल्या पुरुषांना प्रथमच कळते आहे. बायकांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. आपण त्यांना विचारले नव्हते एवढेच.

श्रोतेहो, एवढ्यावरून घरून काम करणे वाईट, सर्वांनी उद्यापासून ऑफिसात जावे, असे मी सांगणार असे तुम्हांस वाटले असेल. तसे माझे म्हणणे नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर ज्याने रोज सकाळ-संध्याकाळ घालवली आहे, किंवा विरारहून चर्चगेटला जो लोकलच्या दारात उभा राहून गेला आहे, त्याला वाचलेल्या त्या तासांची किंमत मी काय सांगावी? बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागली असती अशा कितीतरी मुली या सोयीमुळे नोकरीत टिकल्या. ज्यांना चालणे-फिरणे कठीण, त्यांना उत्पन्न मिळाले. म्हाताऱ्या आई-वडिलांपाशी राहून काम करणारी मुले लहान गावांत पुन्हा दिसू लागली. ही फार मोठी मिळकत आहे, आणि ती गमावणे शहाणपणाचे होणार नाही.

पण त्या लोकलच्या प्रवासाचेही एक देणे होते. त्या तासा-दीड तासात कोणी भजन म्हणे, कोणी पत्ते खेळे, कोणी नुसताच खिडकीबाहेर बघे. ऑफिसातला राग वांद्र्यापर्यंत असे, बोरिवलीपर्यंत निम्मा होई, आणि घरी पोहोचेतो उरत नसे. आता राग आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत दहा पावलांत येतो आणि गरम गरमच येतो.

मग उपाय काय? पुष्कळ जण सांगतात की घरात कामासाठी स्वतंत्र खोली असावी. सल्ला उत्तम आहे. फक्त २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहावयास एकच खोली होती, आणि सुमारे ३२ टक्क्यांकडे दोन. तेव्हा स्वतंत्र खोलीचा सल्ला थोड्यांच्या उपयोगाचा. परंतु आपल्या लोकांना कमी जागेत मर्यादा पाळण्याची कला परकी नाही. एकाच खोलीत सकाळी पाट मांडला की ते देवघर होते, दुपारी ताटे मांडली की जेवणघर होते आणि रात्री अंथरुणे घातली की निजण्याची खोली होते. जागा तीच, मांडणे आणि उचलणे यांनी तिचा अर्थ बदलतो. कामाचेही तसेच करावे. एक कोपरा, एक घडीचे टेबल, ते सकाळी मांडावयाचे आणि संध्याकाळी उचलावयाचे. अंथरुणावर बसून मात्र काम करू नये. जेथे काम केले तेथे झोप येत नाही, हा अनुभव बहुतेकांचा आहे.

दुसरी गोष्ट जाण्या-येण्याची. आजींच्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला. जाणे-येणे नाहीसे झाले असेल तर ते आपण मुद्दाम निर्माण केले पाहिजे. सकाळी कपडे करून कोपऱ्यापर्यंत चालून यावे आणि कामाला बसावे. संध्याकाळी काम संपले की संगणक नुसता मिटू नये. तो पिशवीत घालावा आणि पिशवी कपाटात ठेवावी. हीच रुमालाची गाठ. उद्याचे काम कागदावर दोन ओळींत लिहून ठेवावे, म्हणजे ते डोक्यात राहत नाही. मग हातपाय धुवावे. बाहेरून आले की पाय धुऊन घरात येण्याची आपली रीत आहे. बाहेर गेला नसलात तरी पाय धुवा, कारण तुम्ही बाहेरच होता.

तिसरी गोष्ट घरच्यांशी करार करण्याची. काम केव्हा सुरू आणि केव्हा बंद, हे घरात सर्वांस सांगितलेले असावे, आणि दोन्ही बाजूंनी ते पाळावे. दार लावलेले असताना हाक मारावयाची नाही, हे जितके खरे, तितकेच दार उघडल्यावर मोबाईल बाहेर काढावयाचा नाही, हेही खरे. आणि घरकामाची वाटणी या करारात आली पाहिजे. प्रवासाचे जे दोन तास वाचले, ते ऑफिसने घेतले की घराने, याचा हिशेब प्रत्येक पुरुषाने एकदा मांडावा. सुनेच्याही दारावर थाप पडणार नाही याची काळजी सासूबाईंनी घ्यावी, आणि सासरेबुवांनी दूध स्वतः बघावे. येथे पुढच्या रांगेत बसलेल्यांना हे उद्देशून आहे.

पण एवढ्याने भागेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. आजवर ही सारी जबाबदारी एकट्या माणसाच्या शिस्तीवर टाकण्यात आली आहे. ‘तुला वेळेचे नियोजन जमत नाही’ असे त्याला सांगितले जाते. गिरणी कामगाराला वेळेचे नियोजन जमले म्हणून त्याचा आठवडा ६० तासांवरून ४८ वर आला काय? ते त्याने एकट्याने केले नाही. अनेकांनी मिळून आणि कायद्याने झाले. रात्री दहा वाजता साहेबाचा निरोप आला असता एकट्याने उत्तर न देणे म्हणजे नोकरी पणाला लावणे. सर्वांनीच न देणे हा नियम होतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास व त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी कामगारांशी बोलणी करावी लागतात. पोर्तुगालने २०२१ साली वेळेबाहेर संपर्क न साधण्याचे कर्तव्य मालकावरच टाकले. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑगस्टात असा हक्क आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडले आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडले. १९७० नंतर एकही खासगी विधेयक आपल्या संसदेत कायद्याचे रूप घेऊ शकलेले नाही, हे लक्षात घेता त्यावर फार आशा ठेवता येत नाही. पण लोखंड्यांची पहिली खटपटही लगेच फळाला आली नव्हती. मागणी निदान तोंडातून निघाली पाहिजे.

आणि जे स्वतः साहेब आहेत, त्यांच्याशी दोन शब्द. कायदा होईपर्यंत तुम्हांला थांबण्याचे कारण नाही. रात्री सुचलेली गोष्ट रात्रीच कळवावी असा नियम नाही. ती लिहून ठेवा आणि सकाळी पाठवा. ‘उद्या पाहिले तरी चालेल’ असे खाली लिहून रात्री पाठवलेला निरोप माणूस रात्रीच वाचतो. दुसऱ्या देशाच्या घड्याळाप्रमाणे ज्याला संध्याकाळी बसावे लागते, त्याला सकाळ खरोखर मोकळी मिळते की नाही, हे तुम्ही पाहिले पाहिजे. संध्याकाळही ऑफिसची आणि सकाळही ऑफिसची, असे होता कामा नये.

शेवटी पुन्हा या मंडपाकडे येतो. काम आणि घर यांच्यामध्ये वेस असावी ती कशासाठी? घरासाठी, हे खरेच. पण केवळ घरासाठी नव्हे. ज्याचे काम संपते, तोच शेजाऱ्याकडे जाऊ शकतो, वाचनालयात जाऊ शकतो, नाटकाच्या तालमीला, गणपतीच्या बैठकीला, व्याख्यानाला जाऊ शकतो. गावाचे जे काही गावपण आहे, ते माणसांच्या मोकळ्या संध्याकाळींवर चालते. ज्या गावात कोणाचेच काम कधी संपत नाही, तेथे घरे राहतील आणि ऑफिसे राहतील. गाव राहणार नाही. या मधल्या रिकाम्या खुर्च्यांकडे मी त्या दृष्टीने पाहतो.

व्याख्यान संपल्यावर तुम्ही घरी जाल. आतल्या खोलीत दिवा असेल. दारावर थाप मारू नका. त्याचे काम चालले असेल. पण त्याचे संपले म्हणजे जेवावयास त्याच्यासाठी थांबा, आणि आज काय ऐकलेत ते त्याला सांगा. आणि परवा रविवार आहे. त्या दिवशीच्या व्याख्यानाला त्याला, आणि सुनेलाही, बरोबर घेऊन या. रविवारी न्यूयॉर्कची कचेरी बंद असते.

आता मी माझे दप्तर बांधतो.